दारातल्या चपला कोणाच्या?

आप्पेपात्र पाहिलंय ना? आता डोळ्यांसमोर तसंच एक आणा, पण पारदर्शक प्लॅस्टिकचं आणि पोस्टकार्डाहून जरा लहान. खळगे सात किंवा बारा नाहीत, चांगले ९६. आठ ओळी आणि एकेका ओळीत बारा. खळगा एवढासा, की सातआठ थेंबांत काठोकाठ भरावा.

पुण्यात एका प्रयोगशाळेत मी गेले होते, तिथे टेबलावर असं पात्र मांडलेलं होतं. सगळ्या खळग्यांत एकसारखं फिकट गुलाबी पाणी. तिथे पीएचडी करणारी एक मुलगी हातमोजे घालून काम करत होती. ती म्हणाली, "मावशी, तुम्ही चहा घेऊन या. परत याल तेव्हा बघा."

चहा झाला, गप्पाही झाल्या. परत येऊन बघते तर पहिल्या काही ओळी होत्या तशाच गुलाबी, मधल्या जांभळट, आणि शेवटच्या दोन चक्क निळ्या! शाईची दौत सांडल्यासारख्या.

"रंग कुणी टाकला गं?"

"कुणीच नाही. काल रात्री पेशींना थोडं घाबरवून ठेवलं होतं. त्या ओरडल्या, त्याचा हा रंग."

आता पेशी ओरडतात कशा, आणि ओरडण्याला रंग कसा असतो, हे विचारल्याशिवाय मी तिथून हलणं शक्यच नव्हतं. पण त्याआधी तोंडातून दुसराच प्रश्न गेला. "पेशी कुणाच्या?"

"रामोसच्या. हे त्या पेशींचं नाव. अमेरिकेतल्या एका तीन वर्षांच्या मुलाला गाठीचा आजार झाला होता. त्याच्या पोटात साठलेल्या पाण्यातून १९७२ साली काढल्या."

१९७२! म्हणजे तुमचे आईबाबासुद्धा बहुधा जन्मले नव्हते. तेव्हा काढलेल्या पेशी आज पुण्यात बसून निळा रंग काढतायत. हे कसं, ते सांगायचं तर आधी आफ्रिकेत जावं लागेल.

युगांडाची राजधानी कंपाला. तिथल्या मुलागो रुग्णालयात डेनिस बर्किट नावाचे आयरिश सर्जन होते. लहानपणी डोळ्याला दगड लागला आणि त्यांचा एक डोळा गेला. पण उरलेल्या एका डोळ्याने त्यांनी जे पाहिलं, ते दोन्ही डोळे शाबूत असलेल्यांना दिसलं नव्हतं. १९५७ मध्ये त्यांना एक पाच वर्षांचा मुलगा दाखवला गेला. जबडा सुजलेला, आणि तोही एका बाजूने नाही, वरखाली, डावीउजवीकडे, चारही ठिकाणी. दात हलत होते. काही दिवसांनी दुसऱ्या गावच्या रुग्णालयात त्यांना तशीच सूज असलेली एक मुलगी दिसली. एकदा झालं तर योगायोग म्हणू, दुसऱ्यांदा? बर्किट जुन्या नोंदी चाळायला बसले आणि लक्षात आलं, की अशी मुलं कितीतरी आहेत, फक्त कुणी एकत्र मोजलीच नव्हती.

मग १९६१ मध्ये दोन डॉक्टर मित्रांना घेऊन ते जुन्या फोर्ड गाडीतून निघाले. दहा आठवडे, दहा हजार मैल. म्हणजे सोळा हजार किलोमीटर! मुंबई ते नागपूर किती वेळा होईल ते तुम्हीच काढा. वाटेतल्या रुग्णालयांत थांबायचं, फोटो दाखवायचे, विचारायचं, "असं मूल इथे येतं का?" उत्तरं नकाशावर मांडली तेव्हा दिसलं, की जिथे थंडी जास्त किंवा पाऊस कमी, तिथे हा आजार नाही. उष्ण आणि ओल्या पट्ट्यात मात्र आहे. मलेरियाचा नकाशा आणि हा नकाशा जवळजवळ एकावर एक बसत होते. या आजाराला आज बर्किट लिम्फोमा म्हणतात. (चांगले उपचार वेळेवर मिळाले तर यातली बहुतेक मुलं आज बरी होतात, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही पुढचं सगळं तोंड पाडून वाचाल.)

त्या सफरीच्या आधी, त्याच वर्षी मार्चमध्ये, बर्किट लंडनला एक व्याख्यान द्यायला गेले होते. ऐकणाऱ्यांत अँथनी एपस्टाइन नावाचे शास्त्रज्ञ होते. कोंबड्यांना गाठी होतात त्या एका विषाणूमुळे, हे त्यांना माहीत होतं. हवामानाशी जुळणारा माणसांचा गाठीचा आजार आहे म्हटल्यावर त्यांचे कान टवकारले. त्यांनी कंपालाहून गाठींचे तुकडे विमानाने मागवायला सुरुवात केली. दोन वर्षांहून जास्त काळ तुकडे येत राहिले आणि हाती काही लागेना.

१९६३ चा डिसेंबर. लंडनवर दाट धुकं. कंपालाहून निघालेला तुकडा घेऊन येणारं विमान लंडनला उतरूच शकलं नाही, मँचेस्टरला वळवावं लागलं. बाटली हाती पडेपर्यंत दिवस मावळायला आलेला. बघतात तर आतलं पाणी गढूळ! गढूळ म्हणजे जंतू पडले, नासलं. तुमच्या आईनेही वरण असं दिसलं तर मोरीत ओतलं असतं. एपस्टाइननी ओतलं नाही. एक थेंब काचेवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. जंतू नव्हतेच. गाठीतून सुटलेल्या जिवंत पेशी मोकळ्या पाण्यात तरंगत होत्या. प्रवासातल्या हिंदकळण्याने त्या सुट्या झाल्या होत्या. तोपर्यंत सगळे तुकडे काचेला चिकटवून वाढवायचा खटाटोप करत होते, आणि या पेशींना हवं होतं तरंगायला! पुढच्याच वर्षी एपस्टाइन, त्यांचे त्रिनिदादचे सहकारी बर्ट अचाँग आणि इव्होन बार यांनी अशाच पेशींत एक नवा विषाणू पाहिला. त्याचं नाव एपस्टाइन-बार. अचाँग यांचं नाव विषाणूला मिळालं नाही, हे मला अजून खटकतं.

त्याच १९६३ साली नायजेरियातल्या इबादानमध्ये पुल्व्हरटाफ्ट नावाच्या डॉक्टरांनी अकरा वर्षांच्या एका मुलाच्या जबड्याच्या गाठीतून पेशी वाढवल्या. त्या वाढतच राहिल्या. माणसाच्या रक्ताच्या गोतावळ्यातली, न थांबता वाढत राहणारी ही पहिली सेल लाइन. तिचं नाव 'राजी'. आपल्या मराठीत राजी म्हणजे तयार, कबूल. पेशी घेताना तो मुलगा राजी होता का? त्या काळी आजच्यासारखी लेखी परवानगी घ्यायची रीत नव्हती. नाव ऐकलं की मला दर वेळी हेच आठवतं.

आता लिम्फोमा म्हणजे काय ते दोन वाक्यांत उरकते. आपल्या रक्तात आणि काखेत, मानेत, जांघेत असलेल्या छोट्या गाठींमध्ये पांढऱ्या पेशी असतात, त्या जंतूंशी लढतात. त्यातलीच एखादी बिघडते, 'थांब' हे ऐकेनाशी होते आणि दोनाच्या चार, चाराच्या आठ होत सुटते.

रुग्णाच्या दृष्टीने हे वाईटच. पण प्रयोगशाळेत अडचण उलटी असते. निरोगी पेशी बशीत टिकत नाहीत. काही तर विभागतच नाहीत, चार दिवसांत मरतात. ज्या विभागतात, त्याही पन्नासेक वेळा विभागल्या की दमून थांबतात. लेनर्ड हेफ्लिक यांनी हे १९६१ मध्ये दाखवलं. म्हणजे आज एका माणसाचं रक्त घेऊन प्रयोग केला, तर पुढच्या आठवड्यात दुसऱ्याचं घ्यावं लागणार, आणि दोन माणसं कधीच सारखी नसतात. काल सर्दी झालेल्याचं रक्त वेगळं वागतं. बिघडलेल्या पेशी मात्र दमत नाहीत. तीच पेशी पुण्यात, तीच टोकियोत, तीच स्टॉकहोममध्ये. एकाने केलेला प्रयोग दुसऱ्याला पडताळता येतो.

त्यांचं राहणंखाणंही ठरलेलं. ३७ अंशांचा इन्क्युबेटर, त्यात ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. पाण्यात मीठ, साखर, जीवनसत्त्वं, प्रथिनांचे सुटे तुकडे आणि वर थोडं वासराच्या रक्तातलं सीरम. पाण्यात लालसर रंगही घातलेला असतो. पेशींनी खाऊन आम्ल सोडलं, की तो पिवळा पडतो. पिवळं दिसलं की समजायचं, ताट बदला.

बरं, पण त्या ओरडल्या कशाने?

माझी आजी दुपारी माजघरात पडलेली असायची. डोळ्यांनी अधू. बाहेरून कोणी आलं की आम्हा मुलांना विचारायची, "चपला कसल्या आहेत रे?" आम्ही म्हणायचो, "कोल्हापुरी." "मग तुझा काका." "रबरी, चिखलाच्या." "दूधवाला." चेहरा न बघता, नाव न विचारता तिला बहुतेक वेळा बरोबर कळायचं. अनोळखी चपला असल्या, की मात्र मोठ्याने हाक मारायची, "कोण आहे?"

आपल्या शरीरात जंतू ओळखायच्या दोन पद्धती आहेत. एक चेहरे लक्षात ठेवणारी. गोवर एकदा येऊन गेला, की पुन्हा आला तर लगेच ओळखते. पण पहिल्यांदा ओळख पटायला तिला आठवडाभर तरी लागतो. तेवढ्यात जंतू घर धुऊन नेतील. म्हणून दुसरी पद्धत आजीची. जन्मापासूनच असते, म्हणून तिला जन्मजात प्रतिकारशक्ती म्हणतात. ती चेहरे बघत नाही, चपला बघते. खेळताना गुडघा खरचटला आणि काही तासांत लाल, गरम, ठणकणारा झाला, तर ती तिची हाक समजा.

चपला कसल्या? जंतूंना जे टाकून देताच येत नाही, ते. कितीतरी जिवाणूंच्या अंगावर मेद आणि साखरेची एक साय असते. तिला लिपोपॉलिसॅकराइड म्हणतात. लांबलचक नाव आहे, आपण 'एलपीएस' म्हणू. ती काढली तर जिवाणूचं कातडंच गेलं. काहींना पोहायला शेपटी असते, तिचं प्रथिन ठरलेलं. जिवाणूंच्या डीएनएमध्येही एक खूण असते. त्यात सी आणि जी ही दोन अक्षरं शेजारीशेजारी पुष्कळदा येतात. आपल्या डीएनएत ही जोडी फार कमी, आणि जिथे असते तिथे बहुतेकदा तिच्यावर एक छोटा रासायनिक बिल्ला लावलेला असतो. बिल्ला नसलेली जोडी दिसली, की पाहुणा बाहेरचा.

एलपीएसची भानगड फार जुनी आहे. १८९२ मध्ये जर्मनीत रिचर्ड फायफर यांनी कॉलऱ्याचे जंतू तापवून मारले आणि ते गिनीपिगला टोचले. मेलेले जंतू काय करणार? पण गिनीपिग मेला. म्हणजे विष जंतूच्या अंगातच आहे, तो मेला तरी ते तसंच राहतं. फायफर यांनी त्याला अंतर्विष म्हटलं. पण शरीराला ते कळतं कसं? चपला आहेत, पण बघणारे डोळे कुठे आहेत? हे शंभर वर्षं कुणालाच सापडलं नाही.

१९८९ मध्ये चार्ल्स जेनवे नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञांनी नुसता विचार करून सांगितलं, की असे डोळे असलेच पाहिजेत. पुरावा काही नव्हता. पुरावा आला तो भलतीकडून, केळ्यावर घोंघावणाऱ्या चिलटांकडून. जर्मनीत क्रिस्टियाने न्यूसलाइन-फोलहार्ड चिलटाच्या अंड्यातून अळी कशी घडते ते बघत होत्या. एका अळीचं पोट-पाठीचं गणितच चुकलेलं. बघून त्यांच्या तोंडून निघालं, "टोल!" जर्मन भाषेत याचा अर्थ आपल्या 'भन्नाट!' सारखा. जनुकाचं नावच टोल पडलं. पुढे फ्रान्समधल्या स्ट्रासबूर्गला जूल हॉफमन यांच्या गटाने १९९६ मध्ये टोल बिघडलेल्या चिलटांवर बुरशी सोडली. चिलटं मेली आणि अंगभर बुरशीची केसाळ शाल पांघरल्यासारखी दिसू लागली. तोच टोल बुरशीपासून त्यांना वाचवतही होता तर! दुसऱ्याच वर्षी जेनवे आणि रुस्लान मेझितोव्ह यांनी माणसातला टोल शोधला. आणि १९९८ मध्ये अमेरिकेत ब्रूस बॉयटलर यांनी उलट्या बाजूने गाठलं. उंदरांची एक जात होती, तिला एलपीएस कितीही टोचा, ताप नाही की थरथर नाही. का? वर्षानुवर्षं शोधल्यावर सापडलं, की तिच्या एका टोल-जनुकात एकच अक्षर बदललंय. एका अक्षराने घंटा मुकी! हे अक्षर लक्षात ठेवा, पुढे त्याचं भावंड भेटणार आहे. हॉफमन आणि बॉयटलर यांना २०११ मध्ये नोबेल मिळालं.

माणसात असे दहा टोल-रिसेप्टर आहेत. चार नंबरचा एलपीएस बघतो. पाच नंबरचा जिवाणूची शेपटी. नऊ नंबरचा तो बिल्ला नसलेला डीएनए, आणि तो पेशीच्या दारात उभाच नसतो. आत, जिथे गिळलेला माल येऊन पडतो त्या कोठीत असतो. पिशवी उघडून बघणारा म्हणा ना.

आता प्रत्येक पेशीकडे सगळे डोळे नसतात. रामोस आणि राजी या बी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशींच्या गोतातल्या. त्यांच्या गोतात नऊ नंबर चांगला, चार नंबर जवळजवळ नाहीच. म्हणून त्या मुलीने रामोसना एलपीएस दिलंच नव्हतं. दिला होता डीएनएचा एक छोटा तुकडा, यंत्रात बनवलेला, फक्त २४ अक्षरांचा. त्यात ती सी-जीची जोडी पुन्हा पुन्हा येते. जंतू नाहीच, नुसत्या जंतूच्या चपला दारात मांडून ठेवल्या! पहिल्या ओळींत काहीच नाही, मग थोडा, मग जास्त. म्हणून गुलाबी, जांभळट, निळं.

हे वाचून "आम्हाला काय त्याचं?" असं कुणी म्हणत असेल, तर घरी ताईदादांना विचारा. मार्च २०२२ पासून १२ ते १४ वर्षांच्या मुलांना कोविडची कॉर्बेव्हॅक्स लस दिली गेली, हैदराबादला बनलेली. तिच्यात असाच सी-जीवाला तुकडा घातलेला आहे, शरीराने लशीकडे नीट लक्ष द्यावं म्हणून. म्हणजे तुमच्या दादाच्या दंडात कुणीतरी मुद्दाम अनोळखी चपला ठेवून गेलं होतं.

आणि रंग? हा सगळ्यात चलाख भाग आहे, जरा सावकाश वाचा.

नऊ नंबरला चपला दिसल्या, की तो आत निरोप देतो. निरोप घेणाऱ्या प्रथिनाचं नाव मायडी-८८. तिथून हातोहात निरोप जातो एनएफ-कप्पा-बी नावाच्या प्रथिनाकडे. हे १९८६ मध्ये रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी बी-पेशींत शोधलं. त्यांनी उंदराच्या बिघडलेल्या बी-पेशींना एलपीएस दिलं आणि एक गंमत दाखवली. पेशीला नवीन प्रथिनं बनवायला बंदी घातली, तरी हे कामाला लागतंच! म्हणजे ते आधीपासून घरातच होतं, फक्त कुलपात. निरोप आला की कुलूप तोडलं जातं, प्रथिन पेशीच्या केंद्रकात शिरतं आणि डीएनएच्या पोथीत ठरलेल्या जागी बोट ठेवतं. तिथली पानं उघडतात: सूज आणा, ताप आणा, मदतीला बोलवा.

शास्त्रज्ञांनी काय केलं, तर त्या पोथीत एक जादा पान चिकटवलं. त्यावर 'इथे बोट ठेव' ही खूण एनएफ-कप्पा-बीसाठीची, पण खाली मजकूर भलताच. बाळाच्या वारेत एक एन्झाइम असतं, त्याची कृती! पेशी घाबरली, की इतर पानांबरोबर हेही उघडणार. पेशी ते एन्झाइम बनवणार आणि पेशीबाहेर सोडणार. रात्रभर ते भोवतीच्या पाण्यात साठतं. सकाळी त्यातलं थोडं पाणी उचलून गुलाबी द्रवात घातलं, की एन्झाइम त्या द्रवातला एक पदार्थ तोडतं आणि तो निळा होतो. जितकी जोरात हाक, तितका गडद निळा. पेशींना मारावं लागत नाही, फोडावं लागत नाही. यंत्राने रंगाचा गडदपणा मोजला की झाला आकडा.

चार नंबरचं काय? त्यासाठी दुसरी सेल लाइन. स्वीडनमधल्या उप्सालाला सुंडस्ट्रॉम आणि निल्सन यांनी सदतीस वर्षांच्या एका लिम्फोमाच्या रुग्णाच्या फुप्फुसाभोवती साठलेल्या पाण्यातून या पेशी वाढवल्या आणि १९७६ मध्ये त्यांची माहिती छापली. नाव यू-९३७. नाव कसलं, रेल्वेचा डबा वाटतो. या पेशी अर्धवट वयाच्या. मोठ्या झाल्या असत्या तर जंतू गिळणाऱ्या महाभक्षी पेशी झाल्या असत्या. पण बिघडल्यामुळे शाळा अर्ध्यात सोडून नुसत्या वाढत राहिल्या.

त्यांना मोठं करायचं औषध काय असेल? जमालगोट्याच्या बियांचं तेल! हो, तोच जमालगोटा, ज्याच्या नावाने आजोबा पोट धरून हसतात. त्या तेलातून निघणारं एक रसायन, फॉर्बॉल एस्टर, पाण्यात अगदी नावापुरतं घातलं, की दोनतीन दिवसांत या तरंगणाऱ्या गोल पेशी खाली बसतात. बशीला चिकटतात, हातपाय पसरतात, विभागणं थांबवतात आणि समोर येईल ते गिळायला लागतात. एलपीएस दिलं की हाकही मारतात. (घरी कुणी जमालगोट्याला हात लावायचा नाही. मोठी होईल ती पेशी, तुमचं पोट मात्र बिघडेल.)

याच पेशींनी त्या मुलीला एकदा रडकुंडीला आणलं होतं. प्रत्येक प्रयोगात काही खळगे मुद्दाम तसेच ठेवतात, काहीही न देता. ते गप्प राहायला हवेत. तिचे तेही निळे होऊ लागले. आज निळे, उद्या निळे. तिने पेशी बदलल्या, पात्रं बदलली, बशी धरायचा हातही बदलून पाहिला म्हणे. दोन आठवड्यांनी दोष सापडला तो पाण्यात. पाणी उकळलेलं होतं, जंतू एकही जिवंत नव्हता. पण फायफर आठवतात ना? जंतू मेला तरी चपला दारातच. एलपीएस उकळून जात नाही. काचेच्या भांड्यावरून ते घालवायचं तर भांडं कोरड्या भट्टीत २५० अंशांवर अर्धा तास भाजावं लागतं. माणसाला न दिसणारं, न चव येणारं, ग्रॅमच्या अब्जाव्या भागाएवढं एलपीएस या पेशींनी ओळखलं होतं. बिचारी मुलगी त्यांनाच दोष देत बसली होती.

आता ते भावंड. काही लिम्फोमांच्या पेशी अशा सापडतात, की दारात कुणी नाही, चपला नाहीत, तरी आत हाक चालूच. एनएफ-कप्पा-बी कुलपाबाहेर, पोथी उघडी, पेशी वाढतायत. का? २०११ मध्ये लुई स्टाउट यांच्या गटाने अशा सेल लाइन तपासल्या, तेव्हा दिसलं की बिघाड निरोप्यात आहे. मायडी-८८ च्या साखळीतला २६५ वा मणी बदलला होता, ल्युसिनच्या जागी प्रोलिन. दाराची बेल दाबल्यावर बटण आत अडकून बसतं ना, तसं. उंदरात एका अक्षराने घंटा मुकी झाली होती, इथे एका अक्षराने घंटा थांबेचना. ज्या पेशी आपण घंटेचा अभ्यास करायला आणल्या, त्यांच्यातल्या काहींचा आजारच अडकलेली घंटा हा निघाला! आता ती सोडवणारी औषधं शोधली जातात, आणि ती आधी कुणावर तपासतात? याच पेशींवर.

म्हणूनच बिघडलेल्या पेशीने 'हो' म्हटलं, की तेवढ्यावर कुणी समाधान मानत नाही. तिचं बोलणं तिच्या आजाराचंही असू शकतं. मग निरोगी रक्तातल्या ताज्या पेशींना तोच प्रश्न विचारून बघतात. कधी उत्तर जुळतं, कधी नाही, आणि नाही जुळलं की खरी मजा सुरू होते, असं ती मुलगी म्हणाली. तोंडावरून तसं वाटत नव्हतं.

निघताना तिने मला द्रव नायट्रोजनची टाकी दाखवली. झाकण उघडलं की पांढरा धूर लोळत खाली उतरतो. आत उणे १९६ अंश, आणि करंगळीएवढ्या कुप्या ओळीने. पुण्यातच विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र आहे. तिथे अशा सेल लाइनचं मोठं भांडार आहे आणि तिथून देशभर पेशी जातात. या टाकीतल्या एका कुपीवर निळ्या शाईने लिहिलं होतं: राजी.

तिने ती उचलली आणि ३७ अंशांच्या पाण्यात धरून हळूहळू हलवली. बर्फाचा शेवटचा खडा दाण्याएवढा उरला, तशी बाहेर काढली. लालसर पाण्यात पेशी सोडल्या आणि सूक्ष्मदर्शक माझ्याकडे सरकवला. बारीक गोल गोल ठिपके, द्राक्षांच्या छोट्या घोसांसारखे दोनतीन जवळ जवळ. अकरा वर्षांच्या मुलाच्या पेशी. दीडेक दिवसात दुप्पट होतील, ती म्हणाली.

"उद्या रविवार आहे ना गं?"

"यावंच लागतं, मावशी. पाणी बदलायचं असतं. यांना कुठे सुट्टी असते?"